जमिनीतली ऊब, जमिनीतला गारवा : अफझलगंज परिसरातील घरांच्या इतिहासाचे एक पान

घराण्याचा इतिहास लिहावयास बसलेला मनुष्य सनदा, इनामपत्रे, वंशावळी आणि देवघरातील टाक यांची नोंद काळजीपूर्वक करतो. त्याच घरात वैशाखातली दुपार कोणत्या खोलीत काढली जाई, पौषातल्या पहाटे म्हाताऱ्यांची अंथरुणे कोठे असत, याची नोंद मात्र क्वचितच कोणी करतो. वास्तविक माणसाचे घराशी असलेले नाते रोजच्या रोज ठरते ते या ऊन-गारव्यावरूनच. हैदराबादेत पाच-सहा पिढ्या काढलेल्या आम्हां मराठी कुटुंबांच्या बाबतीत ही नोंद आताच होणे आवश्यक आहे. ज्या घरांनी ती विद्या आपल्या फरशीत आणि जोत्यात सांभाळली, ती घरे झपाट्याने पाडली जात आहेत.

अलीकडे परदेशी राहणारी आमची मुले तेथील घरांचे वर्णन करताना सांगतात, की जमिनीखालून गरम पाण्याच्या नळ्या फिरविलेल्या असतात आणि बाहेर बर्फ पडत असतानाही पाऊल टाकावे तेथे ऊब लागते. मूसीकाठी राहणाऱ्यांस हे ऐकून नवल वाटणे साहजिक आहे. डिसेंबरातल्या रात्रीही ज्या शहराचा पारा सरासरीने चौदा-पंधरा अंशांच्या खाली सहसा उतरत नाही, त्या शहरास जमीन तापविण्याचे प्रयोजन ते काय? परंतु खोलीचे तापमान जमिनीकडून राखावयाचे, हे या योजनेचे मूळ तत्त्व आहे. हे तत्त्व दख्खनला परके नव्हते, असे आमचे प्रतिपादन आहे. येथे ते दोन रूपांनी नांदले. एक रूप राजवाड्यातील हमामाचे, तेथे जमिनीखाली अग्नी होता. दुसरे रूप सामान्य घरातील फरशीचे, तेथे जमिनीखाली केवळ जमीनच होती.

प्रथम अग्नीचा वृत्तांत पाहू. प्राचीन रोममध्ये स्नानगृहाची जमीन विटांच्या ठेंगण्या खांबांवर उचललेली असे. बाजूच्या भट्टीतील तप्त वायू त्या पोकळीतून फिरून भिंतीतील नळ्यांवाटे वर जात. रोमन वास्तुशास्त्रज्ञ व्हिट्रुव्हियस याने आपल्या ग्रंथात ही रचना वर्णिली असून खांबांची उंची दोन फूट सांगितली आहे. कोरियात स्वयंपाकाच्या चुलीचा धूर शेजारच्या खोलीच्या दगडी जमिनीखालून नेऊन मग धुराड्याने बाहेर सोडीत. एकाच अग्नीवर अन्न शिजे आणि रात्रीचे अंथरूणही उबे. या पद्धतीस ते लोक ओंडोल म्हणतात. अमेरिकन वास्तुविशारद फ्रँक लॉइड राइट यास १९१४ च्या सुमारास टोकियोत अशा एका कोरियन धर्तीच्या खोलीचा अनुभव आला. पुढे १९३७ साली पूर्ण झालेल्या मॅडिसन येथील जेकब्स यांच्या घरात त्याने काँक्रीटच्या जमिनीखाली नळ घालून तीच ऊब आणली. आज पाश्चात्त्य देशांत घरोघर दिसणारी व्यवस्था याच वंशातील आहे.

आपल्या देशात ही पद्धत अजूनही नांदते ती काश्मिरात. तेथील मशिदींतून आणि जुन्या संपन्न घरांतून हमाम नावाची खोली असते. तिची जमीन मोठ्या दगडी फरशांची, खाली पोकळी, त्यात लाकडांचा जाळ आणि जोडीला पाण्याचे तांब्याचे भांडे. हिवाळ्यात घरातील मंडळी त्या फरशीवर बसून दिवस काढतात. नाव हमाम असले तरी स्नानापेक्षा बैठकीसाठीच तिचा उपयोग अधिक.

दख्खनमध्ये हमाम आले ते इराणी व मध्य आशियाई रिवाजाबरोबर, आणि येथे ते मुख्यत्वे राजेरजवाड्यांपुरते राहिले. बीदरच्या किल्ल्यात लालबागेजवळ शाही हमामाची इमारत आहे. पुढे तिच्यात वस्तुसंग्रहालय मांडण्यात आले. दौलताबादच्या किल्ल्यात मोगलकालीन हमाम आहे. बुऱ्हाणपूरच्या शाही किल्ल्यातील हमाम त्याच्या छतावरील चित्रकामासाठी प्रसिद्ध आहे. ज्या घराण्याच्या आश्रयाने आमचे पूर्वज हैदराबादेस आले, त्याचा मूळपुरुष पहिला असफजाह याच बुऱ्हाणपुरात १७४८ साली निवर्तला. गोवळकोंड्याजवळ कुतुबशाही कबरींच्या आवारातही एक हमाम आहे. तेथे राजघराण्यातील मृतांस दफनापूर्वी स्नान घालीत, आणि त्यासाठी गरम व थंड अशा दोन्ही पाण्यांची सोय केलेली होती. आगाखान ट्रस्टने या आवारात २०१३ पासून हाती घेतलेल्या जीर्णोद्धारात या वास्तूचेही काम झाले.

मराठी घरांत हमाम शब्द आला, हमामखाना म्हणून काही वाड्यांत तो रूढही झाला. परंतु तापलेली जमीन आली नाही. तिची जागा तांब्याच्या बंबाने घेतली. न्हाणीत बंब, थंडीत माजघरात शेगडी, अंगावर घोंगडी, एवढ्यावर आमचा हिवाळा निभत असे. येथील खरा शत्रू उन्हाळा होता. हैदराबादेत मे महिन्याचे कमाल तापमान सरासरीने एकोणचाळीस अंशांच्या घरात जाते. म्हणून आमच्या लोकांनी जमिनीकडे मागितला तो गारवा.

ही मागणी कशी पुरी झाली हे समजण्यासाठी वस्तीकडे वळावे लागेल. अफझलगंज हे नाव पाचवा निजाम अफझलुद्दौला याच्यावरून पडले. त्याची कारकीर्द १८५७ ते १८६९. जुने शहर मूसीच्या दक्षिणेस. उत्तर तीरावर धान्याच्या व्यापाऱ्यांस जागा देऊन ही गंज वसविण्यात आली आणि नव्या पुलाने ती शहरास जोडली गेली. आमची जुनी वस्ती दोन्ही तीरांवर विभागलेली होती. पलीकडे शालिबंड्यात रायरायांची देवडी आणि तिच्या आधाराने राहणारी दफ्तरी मंडळी. अलीकडे गौळीगुडा, जांबाग, सुलतान बाजार, इसामिया बाजार, काचीगुडा. १९५६ पर्यंत औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड आणि उस्मानाबाद हे पाच मराठी जिल्हे हैदराबाद राज्यातच होते. तेव्हा तिकडून नोकरी, वकिली वा शिक्षणासाठी आलेला मनुष्य परमुलखात न जाता राजधानीत येत असे, आणि येताना घर बांधण्याची आपली रीतही बरोबर आणीत असे.

त्या रीतीत जोते उंच, मध्ये चौक, चौकाभोवती ओसरी, आणि ओसरीच्या आत माजघर. जमीन पूर्वी शेणाने सारवलेली किंवा चुन्याच्या कोब्याची. पुढे तिच्यावर शहाबादी फरशी आली, आणि ती आली रेल्वेमुळे. वाडी ते सिकंदराबाद हा लोहमार्ग १८७४ साली सुरू झाला. शहाबाद हे मुंबईकडून वाडीस येणाऱ्या मार्गावर, तर तांडूर हे वाडीहून हैदराबादेस येणाऱ्या मार्गावर. त्यामुळे दोन्ही ठिकाणचा थराथराने निघणारा चुनखडक राजधानीत सुलभतेने पोहोचू लागला. निळसर-करडी शहाबादी आणि निळी वा पिवळसर तांडुरी फरशी शहरातील घराघरांत दिसू लागली. त्या भागातील कागिणा नदी भीमेस मिळते, आणि भूगर्भशास्त्रज्ञ या खडकाच्या गटास भीमेचेच नाव देतात. पंढरीची वाट ज्या नदीकाठी संपते, त्याच नदीच्या खोऱ्यातील दगडावर हैदराबादची मराठी मुले रांगू लागली, हा योगायोग आमच्या वाचकांस आवडावा असा आहे.

ही फरशी गार का लागते? दगड उष्णता लाकडाच्या सुमारे दहापट वेगाने वाहून नेतो. अनवाणी पाऊल त्यावर टेकताच पावलातील उष्णता तो ओढून घेतो. परंतु एवढेच कारण असते, तर दुपारपर्यंत फरशीही तापून गेली असती. तिचे खरे बळ तिच्या खाली असते. सूर्याच्या रोजच्या तापाचा चढउतार जमिनीत फूट-दीड फुटांपलीकडे जवळजवळ पोहोचत नाही, आणि ऋतूंचा चढउतारही काही मीटर खोलीवर मंदावत जातो. तेथील माती वर्षाच्या सरासरी तापमानाजवळ स्थिर असते, आणि हैदराबादेत ही सरासरी सव्वीस-सत्तावीस अंशांच्या आसपास येते. जोत्याच्या भरावावर बसविलेली फरशी म्हणजे या शांत साठ्याशी घराचे जोडलेले टोक होय. आजचे तज्ज्ञ माणसाच्या सुखासाठी जमिनीच्या पृष्ठभागाचे तापमान एकोणीस ते एकोणतीस अंशांच्या दरम्यान असावे असे सांगतात. म्हणजे थंड देशांत ज्या मर्यादेत येण्यासाठी जमीन तापवावी लागते, त्याच मर्यादेतील तापमान आमच्या जोत्याखाली विनासायास पडलेले होते.

शरीर आपली उष्णता केवळ हवेस देत नाही. स्वस्थ बसलेल्या माणसाची जवळपास निम्मी उष्णता भोवतालच्या भिंती, छत आणि जमीन यांच्याकडे किरणरूपाने जाते. भोवतालचे पृष्ठभाग गार असतील तर हवा थोडी उष्ण असूनही जिवास बरे वाटते. माजघरात दुपारी उघड्या फरशीवर पडणाऱ्यांस हे शास्त्र ठाऊक नव्हते. त्याचा अनुभव मात्र पुरेपूर होता.

आता नियंत्रणाचा प्रश्न. यंत्रात ते काम कळीने होते. आमच्या घरांत ते अंथरूण करीत असे. उन्हाळ्यात फरशी उघडी ठेवावयाची, सकाळी पाण्याने पुसावयाची, दारेखिडक्या दहाच्या आत लावावयाच्या, दारास वाळ्याचा पडदा सोडून त्यावर पाणी मारावयाचे. सूर्य मावळला की सर्व उघडून चौकात सडा घालावयाचा आणि निजावयास गच्चीवर जावयाचे. कार्तिक लागला की प्रथम चटई, मग सतरंजी, मग जाजम, त्यावर गादी. जमीन तीच, तिचे तापमानही जवळजवळ तेच. तिच्या आणि शरीराच्या मध्ये किती थर ठेवावयाचे एवढेच ऋतूप्रमाणे बदले. या घरांत वरंगळच्या सतरंज्यांस असलेला मान केवळ त्यांच्या रंगांसाठी नव्हता.

याच हिशेबात वरचे छतही येते, आणि येथे एका दुःखद अध्यायाचे स्मरण करणे भाग आहे. मराठवाड्यातील आमची मूळ घरे बहुधा माळवदाची : जाड दगडमातीच्या भिंती, सागाच्या तुळया आणि वर पांढऱ्या मातीचा हात-दीड हाताचा थर. उन्हास तो थर सहजी दाद देत नसे. पावसापूर्वी दरवर्षी त्यावर नवी माती घालीत, आणि भार वाढत जाई. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात लातूर व उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यांतील अशीच घरे निजलेल्या माणसांवर कोसळली आणि आठ-दहा हजार माणसे दगावली. आमच्यापैकी कित्येकांचे सोयरे त्यांत होते. जुन्या बांधकामाचा गौरव करताना ही गोष्ट विसरता कामा नये. मातीचा जो भार डोक्यावर असता जीव घेतो, तोच पायांखाली असता निरुपद्रवी असतो. म्हणूनच जुन्या विद्येतील टिकवण्याजोगा भाग कोणता, याचे उत्तर आम्ही फरशीत शोधतो, माळवदात नव्हे.

जमिनीशी असलेल्या सलगीचेही मोल द्यावे लागत असे. पावसाळ्यात फरशीस ओल सुटे, कपाटांस वाळवी लागे, सांधेदुखीचे लोक खाटेचा आश्रय घेत. आणि मूसी होतीच. २८ सप्टेंबर १९०८ च्या महापुरात अफझलगंज व काठावरील मोहल्ले वाहून गेले. सुमारे पंधरा हजार बळी गेल्याचे सांगितले जाते. अफझलगंजच्या रुग्णालयाच्या बागेतील एका चिंचेच्या झाडाने दीडशे माणसांस वाचविले, ही हकीकत येथील प्रत्येक जुन्या कुटुंबास ठाऊक आहे. त्यानंतर सर विश्वेश्वरय्या यांच्या सल्ल्याने उस्मानसागर (१९२०) व हिमायतसागर (१९२७) बांधले गेले आणि नदीकाठच्या नव्या अफझलगंजास आजचे रूप आले.

त्या नव्या रूपात सरकारी इमारतींनी उष्म्याचा विचार निराळ्या रीतीने केला. व्हिन्सेंट एश यांच्या आराखड्यानुसार उभे राहिलेले उस्मानिया रुग्णालय आणि तेथून जवळच १९३६ साली आपल्या वास्तूत आलेले असफिया ग्रंथालय, म्हणजे आजचे राज्य मध्यवर्ती ग्रंथालय, यांत उंच छते, जाड भिंती आणि हवेस मोकळी वाट हे धोरण दिसते. याउलट गौळीगुड्याचे जुने बसस्थानक होते ते विमानांसाठी बनविलेल्या पत्र्याच्या प्रचंड छपराखाली. मे महिन्यात तेथे गाडीची वाट पाहिलेल्यांस, वरून तापलेला पृष्ठभाग माणसास कसा भाजतो हे वेगळे सांगावयास नको. ते छप्पर जुलै २०१८ मध्ये कोसळले. उस्मानिया रुग्णालयाची जुनी इमारत जुलै २०२० मध्ये वॉर्डांत पावसाचे पाणी शिरल्यावर रिकामी करण्यात आली, आणि जानेवारी २०२५ मध्ये गोशामहल येथे नव्या रुग्णालयाची कोनशिला बसविण्यात आली.

खासगी घरांचा बदल असा तारीखवार सांगता येत नाही. तो हळूहळू आणि घराघरांतून झाला. वाटण्या झाल्या, चौक भिंतींनी तुटले, मुले पुण्या-मुंबईस वा परदेशी गेली, आणि उरलेल्यांनी जागा विकासकास देऊन वर सदनिका घेतल्या. यात कोणास दोष द्यावा असे काही नाही. वाड्याची डागडुजी पेन्शनीत होत नाही. मात्र या व्यवहारात एक वस्तू दस्तात न लिहिता हातची गेली, ती म्हणजे भूमीशी असलेला संबंध. तिसऱ्या मजल्यावरची फरशी म्हणजे दुसऱ्या मजल्याचे छत. तिच्याखाली माती नाही, साठा नाही. गच्चीखालच्या खोलीत तर दिवसभर तापलेला काँक्रीटचा थर रात्रभर उष्णता खाली सोडत राहतो, आणि पूर्वीप्रमाणे निजावयास जावे तर गच्चीवर पाण्याच्या टाक्या व केबली असतात. मग वातानुकूलन यंत्राशिवाय गत्यंतर उरत नाही. ते यंत्र खोलीतील हवा गार करते आणि आतली उष्णता गल्लीत फेकते. गल्लीच्या तळमजल्यावर राहणाऱ्या, यंत्र न परवडणाऱ्या माणसाच्या वाट्यास ती जाते. वीज गेली, की यंत्र असणारा आणि नसणारा दोघेही एकाच तापलेल्या भिंतींत सापडतात, आणि त्याचा घाव सर्वांत आधी वृद्धांवर बसतो.

या पार्श्वभूमीवर याच शहरातील एक अलीकडची घटना आम्हांस फार बोलकी वाटते. वरंगळच्या रस्त्यावर पोचारम येथे इन्फोसिस कंपनीने २०११ च्या सुमारास कार्यालयाची एक इमारत बांधली आणि तिचे मुद्दाम दोन समान भाग केले. एका भागात नेहमीची, हवा थंड करणारी उत्तम व्यवस्था. दुसऱ्या भागात मजल्यांच्या काँक्रीटमध्येच नळ्या पुरून त्यांतून गार पाणी फिरविले. भिंती, खिडक्या, माणसांची संख्या दोहोंकडे सारखीच. मोजणी झाली तेव्हा नळ्यांच्या भागास वातानुकूलनासाठी सुमारे चौतीस टक्के वीज कमी लागली. परदेशी मुलांच्या घरांत जमीन तापविणाऱ्या ज्या नळ्या, त्याच येथे काँक्रीट निवविण्याच्या कामी आल्या, आणि पृष्ठभाग गार ठेवला असता हवा फारशी गार करावी लागत नाही, हे माजघरातले तत्त्व आकड्यांनी सिद्ध झाले.

या नव्या व्यवस्थेसही एक पथ्य पाळावे लागते. पृष्ठभाग फार थंड केला तर हवेतील बाष्प त्यावर दवासारखे जमते. म्हणून पाण्याचे तापमान एका मर्यादेखाली नेता येत नाही, आणि आत येणारी हवा कोरडी करून घ्यावी लागते. दमट दिवसांत फरशी ‘घामेजते’ म्हणून आषाढात ओल्या फडक्याने पुसण्यास बंदी करणाऱ्या आमच्या आज्या-पणज्या हेच पथ्य पाळीत होत्या. अभियंत्याने ते गणिताने काढले, त्यांनी निरीक्षणाने.

म्हणून या विषयाकडे केवळ गतकाळाच्या हळहळीने पाहू नये अशी आमची विनंती आहे. वाडे परत येणार नाहीत, आणि सर्वच वाडे परत यावेत असेही नाही. तथापि ज्यांचे जुने घर अजून उभे आहे, त्यांनी डागडुजीच्या वेळी तळमजल्याची शहाबादी उखडून तिच्यावर चकचकीत लाद्या व लाकडासारखे दिसणारे थर चढविण्यापूर्वी दोनदा विचार करावा. ज्यांनी जागा बांधकामास दिली आहे, त्यांनी घरातील वृद्धांसाठी तळमजल्यावर, जमिनीस टेकलेली एक तरी खोली करारात मागून घ्यावी, आणि गच्चीवर पांढरा चुना व सावलीची सोय करण्याचा आग्रह धरावा. आणि ज्यांच्याकडे घर उरलेले नाही पण आठवण उरलेली आहे, त्यांनी ती लिहून काढावी : कोणत्या खोलीत कोणता ऋतू काढला जाई, पडद्यास पाणी केव्हा मारीत, सतरंजी केव्हा घालीत आणि केव्हा गुंडाळीत. सनदांच्या नकला सरकारी अभिलेखागारात सापडतील. ही माहिती सांगणारी माणसे आज ऐंशीच्या पुढे गेलेली आहेत, आणि तिची नक्कल दुसरीकडे कोठेही नाही.